लाकडी आणि पोलादी रोलर कोस्टर कशावर उभे असतात? पाया आणि आधारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. शेड, पाण्याच्या टाक्या, टॉवर, होर्डिंग यांचे पाये तपासणं हे माझं रोजचं काम, आणि रोलर कोस्टर हा अनेक वर्षं मनापासून जपलेला विषय. खोपोलीच्या इमॅजिका पार्कात जाऊन आलेले विद्यार्थी आणि पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची नजर गाडीवर असते. माझी विनंती एवढीच, की एकदा खांबाच्या तळाशीही बघा.

रोलर कोस्टरचा पाया इमारतीच्या पायापेक्षा वेगळा का असतो?

इमारतीच्या पायाला मुख्य काळजी वजनाची. भिंती, स्लॅब, माणसं, सामान, सगळं खाली दाबतं आणि वर्षानुवर्षं जवळपास तेवढंच राहतं. कोस्टरचं तसं नाही. रचना त्या मानाने हलकी असते, पण गाडी तिला सतत वेगवेगळ्या दिशांना ढकलत असते.

समजा भरलेली गाडी ९ टनांची आहे. मोठ्या उतारावरून ती तळाशी येते तेव्हा बसलेल्यांना आपलं वजन चौपट झाल्यासारखं वाटतं. त्या क्षणी ट्रॅकलाही ती ३६ टनांची भासते. पुढच्या टेकडीच्या माथ्यावर माणसं सीटवरून उचलली जातात. तिथे वजनाच्या निम्म्याने उलटा जोर असेल, तर गाडी ट्रॅकला साडेचार टनांनी वर ओढते. वळणावर तोच जोर आडवा लागतो. हा भार एकाच खांबावर येत नाही, गाडीच्या लांबीत येणाऱ्या खांबांत वाटला जातो. तरी दिशा बदलत राहते ती राहतेच, आणि दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा तेच.

त्यामुळे पायाने नुसतं पेलून भागत नाही, त्याला धरूनही ठेवावं लागतं. उंच, हलकी, आडवा जोर खाणारी रचना खचण्याआधी उपटली जाण्याची भीती जास्त. १३ मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग वादळात मुळासकट आडवं झालं, ते आठवा.

लाकडी कोस्टरला खांबांचं एवढं जंगल कशाला लागतं?

लाकडाची ताकद पोलादापेक्षा बरीच कमी आणि एका तुकड्याची लांबीही मर्यादित. तीस-चाळीस मीटर उंची गाठायची तर खांबावर खांब जोडत, सांध्याला बोल्ट मारत वर जावं लागतं. सडपातळ लाकूड दाबाखाली बाजूला वाकू नये म्हणून ठरावीक उंचीवर आडव्या पट्ट्या आणि तिरक्या कैच्या घालतात. अशी एक उभी चौकट साधारण दर तीन मीटरवर येते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला तिरके धिरे देतात, कारण गाडी तिकडेच ढकलत असते.

वरचा ट्रॅकही लाकडाचाच असतो. फळ्यांचे सात-आठ थर एकावर एक ठोकून तो बनवतात, आणि चाकं जिथे लागतात तिथे पोलादाची सपाट पट्टी बसवतात. वरचे थर आतल्या बाजूला थोडे पुढे काढलेले असतात. त्या कडेखालून धावणारी चाकं गाडी उचलली जाऊ देत नाहीत. ही खालच्या चाकांची युक्ती अमेरिकन कोस्टर-रचनाकार जॉन मिलर यांच्या १९१९ च्या पेटंटमधली. तिच्यामुळेच पुढे उंच आणि तीव्र उतारांचे कोस्टर बांधता आले. म्हणजे गाडीची वर जाण्याची ओढ खालच्या खांबांपर्यंत आणि पायापर्यंत पोचते ती याच चाकांमधून.

आकडे हवे असतील तर अमेरिकेत ओहायोतल्या किंग्ज आयलंड पार्कातला 'द बीस्ट' बघा. १९७९ सालचा हा कोस्टर सव्वादोन किलोमीटरचा असून जगातला सर्वांत लांब लाकडी कोस्टर मानला जातो. त्याला साडेसहा लाख बोर्ड फूट (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट) लाकूड आणि ८२ हजारांहून जास्त बोल्ट लागले. यातला प्रत्येक बोल्ट थोडासा जोर उचलतो. खाली पोचेपर्यंत भार इतक्या वाटांनी फुटलेला असतो, की एकेका खांबाखाली काँक्रीटचा लहानसा ठोकळा पुरतो. ठोकळे मात्र शेकड्यांनी लागतात.

लाकडी खांब सरळ काँक्रीटमध्ये गाडतात का?

चांगल्या कामात नाही. लाकूड कुजतं ते बहुधा जमिनीच्या रेषेवर, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. काँक्रीटमध्ये गाडलेल्या खांबाभोवती बारीक फट पडते, तीत पाणी साचतं आणि खांब आतून पोकळ होतो. वरून रंग शाबूत असल्यामुळे ते दिसतही नाही.

विश्रामबागवाड्यात गेलात तर लाकडी खांब थेट जमिनीवर टेकवलेले दिसणार नाहीत. ते दगडी तळखड्यावर बसवलेले असतात. कोस्टरमध्येही तत्त्व हेच: काँक्रीटचा ठोकळा जमिनीच्या थोडा वर काढायचा, त्यात पोलादी पट्ट्या किंवा अँगल बसवायचे, आणि खांब त्यांत उभा करून आडवे बोल्ट आरपार मारायचे. वाड्याच्या खांबाला वरच्या मजल्यांचं वजनच जागेवर धरून ठेवतं. कोस्टरच्या खांबाला वर ओढणारा जोरही येतो, म्हणून हे बोल्ट टाळता येत नाहीत. ठोकळ्याच्या माथ्याला थोडा उतार हवा, म्हणजे पाणी खांबाच्या बुडाशी थांबत नाही. तपासणारा माणूस तिथे टोकदार पेचकस टोचून बघतो. टोक सहज आत गेलं तर लाकूड गेलेलं आहे. हातोडीने ठोकल्यावर येणारा भद्द आवाजही तेच सांगतो.

मग पोलादी कोस्टर इतक्या थोड्या खांबांवर कसा उभा राहतो?

१९५९ साली डिस्नेलँडमध्ये मॅटरहॉर्न सुरू झाला. नळीच्या पोलादी ट्रॅकचा तो पहिला कोस्टर. नळीचा मोठा गुण म्हणजे ती पीळ सहन करते. दोन रूळ आणि त्यांच्याखालचा जाड कणा एकत्र वेल्ड केला, की ट्रॅक स्वतःच पुलाच्या तुळईसारखा वागतो आणि दोन आधारांमध्ये दहा-पंधरा मीटर अंतरही कापू शकतो. तीन-तीन मीटरवर चौकटी लागत नाहीत.

याची किंमत पायाला मोजावी लागते. थोडे खांब म्हणजे प्रत्येकावर मोठा भार. हिशेब करून बघा. ३० मीटर उंच खांबाच्या माथ्यावर वळणामुळे ५ टनांचा आडवा धक्का बसला, तर तळाशी १५० टन-मीटरचा पलटी जोर येतो. खांब एकच असेल आणि बोल्टांच्या दोन रांगांत २ मीटर अंतर असेल, तर एका रांगेला ७५ टनांची ओढ. त्याच खांबाला तिरका पाय जोडून 'ए' आकार केला आणि दोन पायांत १० मीटर अंतर ठेवलं, तर एक पाय १५ टनांनी दाबला जातो आणि दुसरा १५ टनांनी वर ओढला जातो. म्हणून मोठ्या उतारांच्या आणि वळणांच्या जागी पाय फाकवलेले खांब दिसतात.

आता ती १५ टनांची ओढ नुसत्या वजनाने अडवायची तर? काँक्रीट घनमीटरला साधारण २.४ टन भरतं. दीडपट सुरक्षितता धरली तर नऊ-दहा घनमीटर काँक्रीट लागेल, म्हणजे तयार काँक्रीट आणणाऱ्या ट्रकच्या (आरएमसी) दीड गाड्या, तीही एका पायासाठी. वर दिसते फक्त बेस प्लेट, म्हणजे खांबाच्या तळाची पोलादी पाटी. खरा पसारा जमिनीखाली गाडलेला असतो.

बेस प्लेटखाली ती करड्या रंगाची पट्टी कसली असते?

ते ग्राउट, म्हणजे फटीत भरायचं सिमेंटचं मिश्रण. कामाचा सगळ्यात नाजूक भाग इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पोलादी ट्रॅकचे तुकडे कारखान्यात वाकवून, वेल्ड करून, भोकं पाडून येतात. साइटवर ते ओढून-ताणून बसवायचे नसतात. म्हणून खांबाचा तळ काही मिलिमीटरच्या आत जागेवर असावा लागतो, आणि काँक्रीटच्या कामात एवढा नेमकेपणा सहज येत नाही. काँक्रीटमध्ये गाडायच्या अँकर बोल्टांचा जुडगा वर-खाली पोलादी टेम्प्लेटमध्ये घट्ट बांधून सळयांच्या पिंजऱ्यात सोडतात. टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने जागा तपासतात. मग काँक्रीट ओततात, व्हायब्रेटर फिरतो, आणि नेमका याच वेळी जुडगा सरकू शकतो. म्हणून काँक्रीट ओलं असतानाच पुन्हा माप घ्यायचं. घट्ट झाल्यावर घेतलेलं माप फक्त वाईट बातमी देतं.

बोल्टावर खाली एक नट ठेवून त्यावर प्लेट टेकवतात, नट फिरवून उंची आणि ओळंबा साधतात, वरून दुसरा नट आवळतात. प्लेटखाली राहिलेल्या फटीत न आकसणारं ग्राउट भरतात, म्हणजे भार नटांवर न राहता पूर्ण प्लेटभर पसरतो. ग्राउटची कड तुटलेली किंवा खालून गंजाचं पाणी ओघळलेलं दिसलं तर तिथे थांबून बघायला हवं.

लाकडी कोस्टर हलताना दिसतो. ते धोक्याचं आहे का?

नाही. तो थोडा हलावा असाच बांधलेला असतो. हजारो सांधे किंचित सरकतात आणि गाडीचा धक्का त्यांत जिरतो. धोका हलण्यात नसतो, हलणं वाढत जाण्यात असतो: बोल्ट सैल होतात, भोकं मोठी होतात. म्हणून बोल्ट आवळणं हे लाकडी कोस्टरवरचं कायमचं काम आहे.

पोलाद उन्हात वाढतं, त्याचं काय करतात?

पुण्यात जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांच्यात उन्हात तापलेल्या पोलादाच्या तापमानात ५० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्याने १०० मीटर पोलाद साधारण ६० मिलिमीटरने वाढतं. रेल्वेसारखी फट ठेवून चालत नाही, चाकं आपटतील. सुदैवाने कोस्टर वळणावळणाचा असतो. वाढ झाली की वळण बाजूला थोडं फुगतं आणि उंच खांब किंचित झुकतो. काही खांबांच्या तळाशी एकच जाड पिन दिसते, तीही खांबाला एका दिशेने झुकता यावं म्हणून. लाकूड उन्हाने लांबीत फारसं वाढत नाही, पण ओलीने आडवं फुगतं आणि सुकल्यावर आकसतं. पावसाळ्यानंतर बोल्ट सैल होण्यामागचं हे एक कारण.

पुण्याच्या जमिनीत असा पाया घालायचा तर काय सापडेल?

खाली सगळा दख्खनचा बेसॉल्ट, आपला काळा दगड. त्यावर मुरूम, आणि नदीकाठी व सखल भागात काळी माती. वरवर पाहता स्वर्गच. पण इथे तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं हलकं बांधकाम उचलते. पोलादी कोस्टरचे मोजके पाये ती खोदून काढून मुरमापर्यंत किंवा दगडापर्यंत नेता येतात. लाकडी कोस्टरचे शेकडो छोटे ठोकळे मात्र तिच्यावरच ठेवले, तर एक उचलला जाईल, शेजारचा खचेल आणि ट्रॅक लाटांसारखा होईल. लाकडात पाचर घालून पातळी साधता येते, पण दर वर्षी शेकडो ठिकाणी ते कोण करत बसणार? अशा जागी ठोकळे सुटे न ठेवता एका रांगेतले काँक्रीटच्या पट्टीने जोडावेत, असं माझं मत.

दुसरी गोष्ट लपलेली असते. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अधूनमधून तांबडा मातकट थर येतो, त्याला आम्ही रेड बोल म्हणतो. वर दोन मीटर कठीण दगड लागला म्हणून खोदकाम थांबवलं आणि खाली हा थर निघाला, तर भारी पायाखाली तो दगा देऊ शकतो. म्हणून तपासणीचा बोअर दगडात शिरल्यावरही आणखी काही मीटर खाली न्यावा आणि कोअर, म्हणजे त्यातून निघालेले दगडाचे दंडगोल नमुने, पेटीत ओळीने लावून डोळ्यांनी बघावेत. अहवालातला आकडा पुरेसा नाही.

तिसरी गोष्ट आपल्या फायद्याची. कठीण दगड हाताशी असेल तर १५ टनांच्या ओढीसाठी दहा घनमीटर काँक्रीट ओतायची गरज नाही. दगडात भोक पाडून सळई ग्राउटने बसवायची, म्हणजे दगडच पायाला धरून ठेवतो. प्रत्येक सळई नाही, तरी ठरावीक सळया जॅकने ओढून तपासल्याच पाहिजेत.

वारा आणि भूकंपाचं काय?

भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्याचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. त्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या आसपास येतो. लाकडी सांगाडा जाळीदार दिसतो, पण हजारो तुकड्यांची रुंदी एकत्र केली तर वारा अडवणारं क्षेत्रफळ मोठं निघतं. भूकंपासाठी आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे क्षेत्र ३ मध्ये येतं, आणि १९६७ चा कोयनेचा धक्का इथल्या जुन्या लोकांना आठवतो. दोन्ही प्रकारचे कोस्टर हलके असल्यामुळे भूकंपापेक्षा वारा आणि गाडीचा धक्काच बहुधा भारी ठरतो.

एखादा खांब तुटला तर अख्खा कोस्टर पडेल का?

३० जून २०२३ ला अमेरिकेत कॅरोवाइंड्स पार्कातल्या 'फ्यूरी ३२५' या ९९ मीटर उंच पोलादी कोस्टरच्या एका खांबाला माथ्याजवळ आरपार तडा गेलेला दिसला. गाडी गेली की खांबाचे दोन भाग एकमेकांपासून सरकत होते. हे टिपलं पार्कात आलेल्या एका माणसाने. कोस्टर तातडीने बंद झाला, खांब बदलला, आणि चाचण्यांनंतर ऑगस्टमध्ये तो पुन्हा सुरू झाला. कोणीही जखमी झालं नाही.

तो पडला नाही, कारण ट्रॅकचा कणा शेजारच्या खांबांपर्यंत भार नेऊ शकला. पण या घटनेने मला अस्वस्थ केलं आणि अजूनही करते. पोलाद थकतं. लाखो वेळा ओढ-दाब झाला की वेल्डच्या कडेला केसाएवढी भेग पडते, ती बराच काळ हळूहळू वाढते आणि शेवटी झपाट्याने. म्हणून वेल्ड नुसत्या डोळ्यांनी बघून भागत नाही. डाय पेनिट्रंट (भेगेत शिरणारा रंग), चुंबकीय कण किंवा अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरी), यांपैकी जागेला शोभेल ती तपासणी वेळापत्रकाने व्हावी. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत या तपासण्या रोज होतात, त्या करणारी माणसं इथेच आहेत.

लाकडाचा स्वभाव उलटा. एक खांब गेला तरी शेजारचे उचलून धरतात, आणि दोष सहसा एकदम उघडा न पडता कुरकुर, पोकळ आवाज, सैल बोल्ट अशा खुणा आधी देतो. मात्र बघण्याच्या जागा हजारो. रोज सकाळी सांगाड्यावर चढून चालत जाणारा माणूस लाकडी कोस्टरला पाहिजेच.

ट्रॅक लाकडी म्हणजे खांबही लाकडीच का?

नाही, आणि इथे पुष्कळांची गफलत होते. कोस्टर लाकडी की पोलादी हे ट्रॅकवरून ठरवतात, खांबांवरून नाही. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा १९२७ सालचा 'सायक्लोन' लाकडी म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याचा सांगाडा पोलादी. अमेरिकेतल्याच हॉलिडे वर्ल्ड पार्कातला २००६ चा 'द व्हॉयेज'ही तसाच. उलट अमेरिकेतल्या सीडर पॉइंट पार्काचा १९७८ चा 'जेमिनाय' लाकडी खांबांवरचा पोलादी कोस्टर. त्याच पार्कात १९९१ चा लाकडी 'मीन स्ट्रीक' होता. त्याच्या सांगाड्याचा बराच भाग ठेवून वर नवा पोलादी ट्रॅक चढवला, आणि २०१८ मध्ये तो 'स्टील व्हेंजन्स' म्हणून उघडला.

जत्रेतले पाळणे तर नुसत्या लाकडी ठोकळ्यांवर उभे असतात. मग एवढा पाया कशाला?

फिरत्या राइडला पाया नसतो, पण पायाचं काम करणारी दुसरी सोय असते. जर्मनीतला १९८९ सालचा 'ऑलिंपिया लूपिंग' हा पाच लूपचा पोलादी कोस्टर एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जातो. अशा राइडचे खांब तळाशी आडव्या तुळयांनी एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे एका पायाची ओढ दुसऱ्याच्या दाबाने तोलली जाते आणि जमिनीवर मुख्यतः वजनच उतरतं. ठोकळे ते वजन पसरवतात आणि पातळी साधतात. म्हणून जत्रेत ओल्या मैदानावर ठोकळा मातीत रुतलेला किंवा तिरका झालेला दिसला, तर मुलांना त्या पाळण्यात बसवू नका आणि चालवणाऱ्याला तिथल्या तिथे दाखवा.

महाराष्ट्रात लाकडी कोस्टर उभारता येईल का?

पाऊस आणि दमट हवा हा अडसर नाही. जपानमध्ये नागाशिमाला १९९४ पासून 'व्हाइट सायक्लोन' हा मोठा लाकडी कोस्टर वर्षानुवर्षं चालला. आपल्याकडे खरे प्रश्न दोन: वाळवी, आणि दाबाखाली औषध मुरवलेलं एकसारख्या प्रतीचं लाकूड एवढ्या प्रमाणात मिळणं. साग उत्तम, पण त्याचा भाव बघता सांगाड्यासाठी तो परवडणार नाही. माझ्या मते इथे पोलादी सांगाडा आणि लाकडी ट्रॅक हेच जुळेल: वाळवीला जमिनीवरून वर चढायला लाकूडच मिळणार नाही, आणि लाकडी ट्रॅकची ती खास धडधडही हाती राहील. तोवर पोलादी खांब बघायचे तर खोपोलीच्या इमॅजिकामधला 'निट्रो' पुण्याहून जवळ आहे.

जुना कोस्टर काढला तर पाया पुन्हा वापरता येतो का?

कधी कधी. अमेरिकेतला १३९ मीटर उंचीचा पोलादी कोस्टर 'किंगडा का' २८ फेब्रुवारी २०२५ ला स्फोटाने पाडला, तसा वरचा सांगाडा काही सेकंदांत जातो. जमिनीखालचं काँक्रीट फोडायला मात्र वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, म्हणून मालकाचा कल ते ठेवण्याकडे असतो. मी आधी तीन गोष्टी मागेन: मूळ पायाचं आरेखन, काँक्रीटचे कोअर आणि प्रत्येक अँकर बोल्टची अल्ट्रासोनिक तपासणी. बोल्ट बेस प्लेटच्या पातळीवर पाणी साचून गंजतो आणि तिथेच बारीक होतो, वरचं टोक मात्र चकचकीत दिसतं. नव्या राइडच्या बोल्टांची जागा जुन्यांशी जुळत नसेल, तर जुने कापून त्याच ठोकळ्यात नवी भोकं पाडतात आणि इपॉक्सीने बोल्ट बसवतात. त्यातले काही ओढून तपासल्याशिवाय खांब उभा करू नये.